अकरा नंबरची बाटली

यमुताईंनी अकरा नंबरची बाटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, हलवून बघितली आणि नाक मुरडलं. बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेली होती आणि रंग इतका फिका, की लिंबाच्या सरबतात कुणी लिंबूच पिळायला विसरलं असावं.

"डॉक्टर, हे बघितलंत?"

डॉ. कृष्णकांत टेबलावर ओणवे होऊन आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपका देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बघितलं. अकरा नंबर नॉर्मल. कालही नॉर्मल, परवाही नॉर्मल. नऊ दिवस सरळ रेघ आहे, ताई. पट्टी ठेवून काढल्यासारखी."

"मला तेच खुपतंय."

बाहेर मे महिना नुसता भाजून काढत होता. खिडकीवरच्या वाळ्याच्या ताट्यांवर सकाळी मारलेलं पाणी दहाच्या आत सुकलं होतं. अशा दिवसांत धरमपेठेतून सायकलरिक्षानं इस्पितळात येईपर्यंत यमुताईंच्याच घशाला कोरड पडे. मग वॉर्डात आजारानं पडलेल्या माणसाची लघवी ही अशी, पाण्यासारखी? आणि बाटली रोज त्याच खुणेपर्यंत भरलेली? बावीस वर्षांत यमुताईंनी हजारो बाटल्या हाताळल्या होत्या. माणसाचं शरीर इतकं शिस्तीचं असतं, असं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

कृष्णकांत एम. डी.चा प्रबंध लिहीत होते आणि त्यासाठी गेले चार महिने पॅथॉलॉजीच्या ह्या मागच्या खोलीत त्यांनी ठाण मांडलं होतं. विषय तसा सांगायला सोपा. जेंटामायसीनचं इंजेक्शन सडत चाललेल्या जखमेवर रामबाण, पण कुणाकुणाच्या किडनीला ते बाधतं. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं एक एंझाइम लघवीत झिरपू लागतं. रक्तातला युरिया वाढतो तो नंतर, चार-पाच दिवसांनी. तेव्हा लघवीत हे एंझाइम रोज मोजत राहिलं तर किडनी बसण्याआधीच कळेल का, हे त्यांना पाहायचं होतं. लघवीत एक औषध घालायचं, तासभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग सोडा टाकला की पिवळा रंग चढतो. जितका पिवळा, तितकी आत पडझड जास्त.

यमुताईंना हा विषय पहिल्या दिवसापासून आवडला होता, आणि त्याला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात हीच इंजेक्शनं चाललेल्या एका पोस्टमनच्या रक्ताचे रिपोर्ट त्यांनीच लिहिले होते. युरिया तीस, तेहेतीस, पस्तीस. तिन्ही दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं 'नॉर्मल' असं लिहिलं. चौथ्या दिवशी अठ्ठ्याण्णव, सहाव्या दिवशी एकशेसत्तर. रक्त धुण्याचं यंत्र ह्या इस्पितळात नव्हतं, आणि जिथं होतं तिथवर पोस्टमन पोचला नाही. त्या तीन 'नॉर्मल'चा यमुताईंना अजून राग येई. आपण खोटं लिहिलं नव्हतं, हे माहीत असूनही येई.

दुपारी कृष्णकांत जेवायला गेले तेव्हा यमुताईंनी आपला डबा बाजूला सारला आणि कपाटाच्या तळातून पिक्रिक ॲसिडची उरलीसुरली बाटली काढली. लघवीतलं क्रिएटिनिन मोजायचं, म्हणजे लघवी घट्ट की पातळ ते समजतं. हे खरं तर रोजच मोजायला हवं होतं. पण औषध थोडं उरलं होतं, स्टोअरची मागणी महिनाभर अडकून पडली होती, म्हणून कृष्णकांतांनीच ठरवून टाकलं होतं, की सगळ्यांची सकाळची पहिलीच लघवी घेतोय, तेव्हा एवढं चालून जाईल.

सहा नळ्यांपैकी पाचांत छान नारिंगी रंग चढला. अकरा नंबरची नळी जेमतेम लाजल्यासारखी झाली. बाकीच्यांचे आकडे शंभराच्या पुढे होते, ह्याचा एकवीस.

यमुताईंनी कागदाच्या कपट्यावर भागाकार केला. मग पुन्हा केला. लघवी जितकी पातळ होती त्या मानानं एंझाइम नॉर्मलच्या पाचपट निघत होतं.

त्यांनी डबा न उघडताच तसाच पिशवीत टाकला आणि वॉर्डाकडे निघाल्या.

अकरा नंबर म्हणजे शालिकराम, काटोलकडचा बागवाला. संत्र्याच्या झाडांना आळी करताना कुदळ पायावर बसली, घरच्या घरी हळद भरली, आणि पोटरीपर्यंत पाय काळा-निळा झाला तेव्हा त्याला इथं आणलं. आला तेव्हा पाय कापायचीच गोष्ट चालली होती. नऊ दिवसांच्या इंजेक्शनांनी पाय वाचला. आता तो उशाशी टेकून बसला होता आणि त्याची बायको रुखमाबाई ओल्या पंचानं त्याचा चेहरा पुसत होती.

"कसं वाटून राहिलं?" यमुताईंनी विचारलं. घरी आणि प्रयोगशाळेत त्या नीटनेटकं बोलत, पण वॉर्डात आल्या की त्यांची जीभ आपोआप माहेरच्या वळणावर जाई.

"पाय मस्त आहे जी," शालिकराम म्हणाला. "फक्त अंगात जीव नाई वाटत. अन् तोंडाले चव नाई."

"पानी पेता का?"

"कुठं पेतेत!" रुखमाबाई मध्येच म्हणाली. "म्या मागं लागतो तवा घोटभर."

यमुताई स्टुलावर बसल्या. त्यांनी खाटेखालची मातीची सुरई पाहिली, तिच्यावर उपडा घातलेला पितळी पेला पाहिला, आणि मग रुखमाबाईचा हात धरून तिला हळूच व्हरांड्यात नेलं. ह्या बाईला दरडावून उपयोग नाही, हे त्यांना दिसतच होतं. दरडावलं की ती गप्प बसेल आणि मग खरं काही कळायचं नाही.

"रुखमाबाई, थे सकाळची बाटली. तिच्यात काई टाकता का वं तुम्ही?"

रुखमाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"रागावनार नाई न?"

"नाई रागावत. सांगा."

"सुरईतलं पानी टाकतो," ती खालमानेनं म्हणाली. "साफ पानी आहे जी. उकळेल. म्या काई घान नाई टाकली."

"काहून पन?"

"आता काय सांगू बाप्पा! पयले दोन-तीन दिवस यायनं सोता भरून देल्ली. मंग पेशाब कमी कमी होत गेली. आज तर बोटभर होती. आता थे डाक्टर, एवढा शिकेल मानूस, सोताच्या हातानं बाटली धुऊन देते. अन् आपन त्याले बोटभर वापस करायची? आमच्या घरी कोनाचं भांडं असं वापस नाई जात. शेजारनीची वाटी असली तरी तिच्यात चिमूटभर साखर टाकून देतो आम्ही." मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "अन् बाजूच्या खाटेवाल्याची बाटली भरून जाते. आमच्याच मानसाची कमी काहून दिसावी?"

यमुताईंना आधी हसूच आलं. नऊ दिवसांची सरळ रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आत किडनी रोज थोडी थोडी खचत होती, लघवी रोज थोडी कमी होत होती, एंझाइम रोज थोडं वाढत होतं, आणि ही माउली रोज थोडं जास्त पाणी ओतून सगळं पुन्हा सारखं करत होती. एखाद्या मुरलेल्या संशोधकालाही इतकं बेमालूम जमलं नसतं.

"काई चुकलं का जी मायं?"

"चुकलं. पन तुमच्या मनात काई वाईट नव्हतं," यमुताई म्हणाल्या. "उद्यापासून जेवढी होईल तेवढीच द्या. थेंबभर असली तरी चालते. थे कमी आहे हेच आम्हाले पाह्याचं असते. गुर्द्यावर भार पडून राहिला असं मले वाटते."

रुखमाबाईचा चेहरा एकदम उतरला. गुर्दा हा शब्द तिला कळला होता.

"म्हंजे पाय वाचला अन्..."

"अजून काई झालं नाई. होऊ नाई म्हनूनच आली मी."

हे बोलून झाल्यावर यमुताईंना वाटलं, आपण जरा जास्तच भरवसा दिला. चार वाजले होते. पुढचं इंजेक्शन सहाचं होतं.

कृष्णकांतांनी कपटा वाचला, आलेखाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसकण मारली. "नऊ दिवस मी पाणी मोजत होतो," ते म्हणाले. पण लगेच उठलेही. हा गुण यमुताईंना त्यांच्यात आवडे. स्वतःच्या चुकीला कुरवाळत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दोघं मिळून मनोहरराव सरांच्या खोलीत गेली.

वॉर्ड सरांचा होता आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकून घेतलं.

"आजचा युरिया किती?"

"अठ्ठावीस, सर."

"ताप?"

"तीन दिवसांपासून नाही."

"जखम?"

"वाळतेय."

"म्हणजे जे औषध लागू पडलंय ते मी बंद करावं. कशासाठी? एका बाटलीतलं पाणी पिवळं झालं म्हणून?"

"पाणी नव्हे, सर," यमुताई म्हणाल्या. "पाणी रुखमाबाईंनी टाकलं होतं. पिवळं झालं ते उरलेल्यामुळे."

सरांच्या मिशीखाली हसू येऊन गेलं, पण त्यांनी ते टिकू दिलं नाही. "लघवी कमी म्हणता, तर मे महिना आहे. माणूस पाणी पीत नाही. आणि पाच दिवसांचा कोर्स बाकी असताना मी औषध थांबवलं, जखम पुन्हा चिघळली, पाय कापायची वेळ आली, तर त्या बाईला कोण सांगणार? तुम्ही?"

सर बोलत होते त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं.

"सर, पाय डोळ्यांना दिसतो," कृष्णकांत म्हणाले. "रोज पट्टी सोडून बघता येईल. बिघडतोय असं वाटलं तर त्याच दिवशी पुन्हा सुरू करू. आतलं मात्र दिसत नाही. रक्तात दिसेल तोवर हातातून गेलेलं असेल."

मनोहरराव सरांनी चष्मा खाली घेतला आणि यमुताईंकडे पाहिलं.

"बाई, वीस-बावीस वर्षांत तुम्ही कधी ह्या खोलीत आला नव्हता."

"कधी काम पडलं नाही, सर."

सरांनी केसपेपर पुढं ओढला. जेंटामायसीनवर आडवी रेघ मारली, त्याजागी दुसरं, किडनीला न दुखवणारं औषध लिहिलं, सलाइन लिहिलं, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं : जखम रोज मला दाखवावी. "दोन दिवस," ते म्हणाले. "जखमेनं डोकं वर काढलं की मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं बाटली स्वतः आणून दिली, पदराखाली झाकून, चोरीचा माल असल्यासारखी. तळाला दीड बोट लघवी होती, काळ्या चहाच्या रंगाची. बर्फाच्या बादलीत इतर बाटल्यांशेजारी ती ठेवताना तिचा जीव लाजेनं अर्धा झाला होता. यमुताईंनी ती उजेडात धरली आणि त्या मनापासून म्हणाल्या, "बहुत चांगली आनली." एंझाइम सहापट होतं.

तिसऱ्या दिवशी जखमेतून पुन्हा थोडा पू आला. सरांनी फक्त उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली. कृष्णकांत दिवसातून तीनदा वॉर्डात चक्कर मारून आले. यमुताईंनी त्या दिवशी दोन नळ्या फोडल्या, ज्यांच्या हातून सहसा काही फुटत नसे. घरी गेल्यावर नवऱ्यानं पुढं केलेलं कैरीचं पन्हं त्यांनी चव न घेता पिऊन टाकलं, आणि त्यानं काही विचारलं तर "उद्या सांगते" एवढंच म्हणाल्या. पाय आपल्यामुळे गेला तर, हा एकच विचार डोक्यात घिरट्या घालत होता. पोस्टमनच्या वेळी निदान आपण काहीच केलं नव्हतं, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

चौथ्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. सरांनी जखम वाकून वाकून पाहिली आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांनी 'ठीक' म्हणायचीही तसदी घेतली नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. त्याच दिवशी बाटली अर्धी आली. एंझाइम चारपट. मग तीनपट. मग दीडपट. आठव्या दिवशी शालिकरामनं भाकर मागितली आणि ठेचाही मागितला, तेव्हा रुखमाबाई इतकी खूश झाली, की वॉर्डातल्या नर्सला सांगत सुटली. रक्तातला युरिया ह्या सगळ्या काळात अडतीसच्या वर गेलाच नाही, आणि मग गुपचूप तीसवर येऊन बसला.

यमुताई त्या आठवड्यात प्रयोगशाळेत गुणगुणत काम करत होत्या. सूर बेताचाच होता, पण कृष्णकांतांनी तक्रार केली नाही.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी मात्र ते प्रबंधाचा तक्ता पुढ्यात घेऊन हिरमुसले होऊन बसलेले दिसले.

"काय झालं?"

"सरांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, अकरा नंबर चुकीच्या रकान्यात घातलाय." त्यांनी कागद वळवला. "नियम मीच लिहिलाय, ताई. युरिया पन्नासच्या पुढे गेला तरच किडनीला इजा झाली असं धरायचं. आधी एंझाइम वाढलं आणि मग युरिया वाढला, तर इशारा खरा. एंझाइम वाढलं आणि युरिया वाढलाच नाही, तर इशारा खोटा. शालिकरामचा वाढला नाही. सर म्हणतात, काही झालंच नाही, तर तुम्ही ओळखलंत काय?"

यमुताई तक्त्याकडे बघत राहिल्या. खऱ्यांच्या रकान्यात चार नंबर होते. ते चौघं कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोघं अजून वॉर्डात सुजलेल्या तोंडानं पडून होते, एकाला नातेवाईक मुंबईला घेऊन गेले होते. चौथ्याबद्दल कुणी बोलत नसे. त्या चौघांचं एंझाइम वेळेत वाढलेलं दिसलं होतं, पण तेव्हा कृष्णकांत नुसते ठिपके देत होते आणि कुणाचंही इंजेक्शन थांबलं नव्हतं.

"आपली सगळ्यात चांगली केस," कृष्णकांत म्हणाले, "आणि ती खोट्यांत जाणार."

"अजून पाच दिवस इंजेक्शन चालू ठेवलं असतं, तर खऱ्यांत गेली असती," यमुताई म्हणाल्या.

कृष्णकांतांनी रबरानं अकराचा आकडा पुसला, कागदावरचा चुरा फुंकरीनं उडवला, आणि खोट्या इशाऱ्यांच्या रकान्यात तो पुन्हा लिहिला. जरा मोठाच लिहिला. मग पेन्सिल खाली ठेवून ते यमुताईंकडे बघून हसले.

"ह्या रकान्यात आणखी नावं हवीत, नाही?"

"हवीत तर."

बाराव्या नंबरची रिकामी बाटली घेऊन यमुताई वॉर्डात गेल्या, तेव्हा शालिकराम धुतलेलं धोतर नेसून, काठीच्या आधारानं खाटेशेजारी उभा होता आणि रुखमाबाई गाठोडं बांधत होती. शेजारच्या खाटेवर कालच एक नवा माणूस आला होता. त्याची बायको जिजाबाई भांबावल्यासारखी गाठोड्याकडे, बाटलीकडे आणि यमुताईंकडे आळीपाळीनं बघत होती.

"हे काहून देतेत वं?" तिनं रुखमाबाईला विचारलं.

"पेशाब तपासतेत," रुखमाबाई जाणतेपणानं म्हणाली. "आमची रोज तपासली. सतरा दिवस! काईच निघालं नाई. तू बी देत जाय, वं बाई. पन जेवढी होईन तेवढीच दे, अन् पानी नोको टाकजो. यायले चालत नाई." मग गाठोड्याची गाठ दातानं आवळून तिनं यमुताईंकडे पाहिलं. "काईच निघालं नाई न जी, आमच्या यायच्यात?"

"नाई," यमुताई म्हणाल्या. "काईच निघालं नाई."

इतक्या आनंदानं हा रिपोर्ट त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. बाटली जिजाबाईच्या हातात देऊन, ती कशी भरायची ते सांगायला त्या तिच्याजवळ खाटेवर बसल्या.